मफलर्सची दुसरी बाजू

टण्. जरा थांबून पुन्हा टण्, टण्-टण्.

शनिवारची सकाळ अगदी गप्प होती. बर्फ पडून गेला की डेट्रॉइटजवळच्या या नोव्हायमध्ये रस्त्यावरच्या गाड्यासुद्धा कापसात गुंडाळल्यासारख्या चालतात. परीक्षित वर झोपलेला होता आणि आश्लेषा ओट्याला टेकून आठवड्यातला एकुलता एक गरम चहा पीत होती, बाकीचे सगळे गार होऊन जातात. त्यात हा आवाज. अनया टेबलापाशी बसून चमच्याने स्टीलच्या वाटीवर ठेका धरत होती. दुधातलं सिरियल केव्हाच लगदा झालं होतं. तोंडाने काहीतरी चाललं होतं, अगदी हळू, ओढून ओढून, "अहो… अहो…"

आश्लेषाला हसू आलं. साडेपाच वर्षांची पोरगी, शाळेत दिवसभर इंग्लिश, घरी 'मराठीत बोल' म्हटलं की डोळे फिरवणारी, आणि हाका कसल्या मारतेय तर अहो म्हणून.

"कुणाला बोलावतेस गं? तुझ्या नवऱ्याला?"

"इट्स अ साँग, मम्मा."

"शाळेत शिकवलं?"

अनयाने चमचा थांबवला. आईकडे पाहिलं, मग वाटीत पाहिलं. "आय कान्ट टेल. इट्स अ सिक्रेट. आजोबांचं."

"कुठल्या आजोबांचं? पुण्याच्या?"

"नो. रवीआजोबांचं." आणि तिने चमचा धरलेल्या हाताचंच एक बोट ओठावर ठेवलं. "आजीला पण नाही सांगायचं."

चहा गार झाला तो झालाच.

रवींद्र देव आणि शैलजाकाकू खरं तर यांचे कुणीच नव्हते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळात काकू भेटल्या, अनयाच्या तोंडात तिळगूळ कोंबला, कुठे राहता विचारलं, तर दोन रस्ते सोडूनच घर निघालं. तेव्हा आश्लेषाचं वर्क परमिट कितीतरी वर्षांनी हातात आलं होतं. सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरीही मिळाली होती, पण शाळा सुटल्यावर मुलीचं काय करायचं ते कळत नव्हतं. डेकेअरची वेटिंग लिस्ट मारुतीच्या शेपटीसारखी. काकू आपणहून म्हणाल्या, "शाळेची बस आमच्या कोपऱ्यावरच थांबते. पोरगी आमच्याकडे उतरू दे. आम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघून कंटाळलोय." त्यांचा मुलगा सिॲटलला. त्याला मूल नाही. बोलून चालून सोय दोघांचीही होती. काका ऐंशीच्या पुढचे, गाड्यांच्या कंपनीतून रिटायर झालेले इंजिनिअर. उंच, जरा वाकलेले, कमी बोलणारे. आश्लेषाने त्यांना कधी मोठ्याने हसताना पाहिलं नव्हतं, आणि आता तिला तेवढंच आठवत राहिलं. कमी बोलतात. का बरं इतके कमी बोलतात?

शाळेच्या काउन्सेलरने पालकांच्या सभेत एक गोष्ट दोनदा सांगितली होती. सरप्राइज चालतं, सिक्रेट चालत नाही. मोठं माणूस मुलाला सिक्रेट ठेवायला सांगत असेल, तर लक्ष ठेवा. आश्लेषाने तेव्हा सगळ्यांबरोबर मान डोलावली होती.

परीक्षित उठून खाली आला तशी तिने त्याला गॅरेजमध्ये नेलं. अनयाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"अगं, ते ऐंशीचे आहेत," तो म्हणाला. थंडीने त्याचे दात वाजत होते.

"मी वय विचारलं नाही."

"गाणं शिकवलं म्हणतेय ना? गाणं शिकवणं हा गुन्हा आहे का?"

"गाणं शिकवलं तर लपवायचं कशाला? तेही काकूंपासून?"

"मग सरळ विचार ना त्यांना."

"काय विचारू? काका, तुम्ही माझ्या मुलीबरोबर काय करता असं विचारू? आणि काही नसलं तर? जन्मात पुन्हा त्यांच्या दारात जाता येईल का?"

परीक्षितने गॅरेजमधलं बर्फावर टाकायच्या मिठाचं पोतं उगाच उचलून इकडचं तिकडे ठेवलं. "तू बघ," म्हणाला. नवऱ्यांचं 'तू बघ' म्हणजे काय, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

रविवारभर तिने अनयाच्या पोटात शिरायचा प्रयत्न केला. आंघोळ घालताना, केस विंचरताना, सहज विचारल्यासारखं. आजोबांनी कधी लागेल असा हात धरला का? नाही. कधी ओरडले? नाही. कुठे बसता तुम्ही? "बेसमेंटमध्ये." आजी कुठे असते तेव्हा? "आजी स्विमिंगला जाते, विथ हर ओल्ड लेडी फ्रेंड्स." एवढं झाल्यावर पोरगी आईकडे रोखून बघायला लागली. "आर यू मॅड ॲट आजोबा?" आश्लेषाने टॉवेलमध्ये तिचं तोंड पुसत बसण्याचं निमित्त केलं.

सोमवारी डेकेअरची इमेल आली. एक जागा रिकामी झालीय, शुक्रवारपर्यंत कळवा. इतके दिवस जिची वाट पाहिली ती इमेल, आणि आश्लेषाला ती वाचून आनंद झाला नाही. जणू कुणीतरी तिच्या मनातलं ओळखून पाठवली होती. हो म्हणायचं तर आजी-आजोबा तुटणार. नाही म्हणायचं तर मनात चुकचुकणारी पाल गप्प बसवायला हवी, आणि तीही शुक्रवारच्या आत.

मंगळवारी ती डोकं दुखतंय सांगून लवकर निघाली. काकूंची गाडी दारात नव्हती. पुढचं दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं. आत शिरताना आपण चोर आहोत असं तिला वाटलं आणि तरीही तिने बूट हळूच काढले. स्वयंपाकघरात अनयाचं दप्तर, अर्धा खाल्लेला लाडू. बेसमेंटचं दार बंद होतं. तिने कान लावला. काहीच नाही. मग काकांचा आवाज, अगदी खालच्या पट्टीतला, "हळू. आजीला कळेल."

तिने दार उघडलं ते जवळजवळ ढकलूनच.

जिन्याच्या पायथ्याशी एका स्टुलावर काका बसले होते, मांडीत गिटार. साधी नव्हे, भल्यामोठ्या मानेची, दुप्पट तारांची. समोर जमिनीवर अनया पोळ्यांचा डबा उलटा घालून बसली होती आणि तिच्या दोन्ही हातांत लाकडी डाव होते. दोघंही वर बघत राहिली. डब्याला चांगलेच पोचे आले होते.

"मम्मा, वी आर अ बँड," अनया म्हणाली.

आश्लेषा पायरीवर बसली आणि तिला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. त्याऐवजी राग आला.

"काका, तुम्ही तिला सिक्रेट ठेवायला सांगितलंत."

"हो. म्हणजे, शैलाला नको सांगू म्हणालो."

"इथे मुलांना असं सांगायचं नसतं. कसलंच सिक्रेट. मी चार दिवस झोपले नाहीये."

काकांना अर्थ लागायला वेळ लागला. तो लागला तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला, मग कानापर्यंत लाल झाला. त्यांनी गिटार बाजूला ठेवली, एखादी चोरीची वस्तू ठेवावी तशी. "माझ्या डोक्यातच आलं नाही," ते म्हणाले. "गाढवपणा झाला. अनया, लिसन. नो सिक्रेट्स. मम्माला सगळं सांगायचं."

"ओके," अनया म्हणाली. तिला तरी कुठे हवं होतं ते ओझं. तिने लगेच सांगायला सुरुवात केली. "इट्स अबाउट अ गर्ल. ती अपस्टेअर्स राहते. शी इज कॉलिंग अँड कॉलिंग, अँड नोबडी सेज ओ."

"गाणं आहे जुनं," काका घाईने म्हणाले. "माझंच आहे."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून आश्लेषा पायरीवरून उठायचंच विसरली. एकोणीसशे चौसष्टला ते डेट्रॉइटला शिकायला आले. कॉलेजात एका पोलिश मुलाशी दोस्ती झाली, त्याच्या घराच्या गॅरेजमध्ये तिघं भाऊ गिटारी आणि ड्रम बडवायचे. काकांनी पुण्यात मेंडोलिन वाजवलं होतं थोडंफार. चौथा म्हणून हे. त्या भावांचा बाप गाड्यांच्या कारखान्यात, म्हणून बँडचं नाव ठेवलं 'द मफलर्स'. गाडीचा आवाज दाबतो तो मफलर, आपल्याकडे सायलेन्सर म्हणतात तो.

"मी घरी पत्रात लिहिलं, मी इथे मफलर्समध्ये आहे," काका म्हणाले. "आईला वाटलं पोरगं थंडीत नीट गुंडाळून घेतंय. तिने चार लोकरीचे मफलर विणून बोटीने पाठवले. जाडजूड, तपकिरी. आम्ही ते घालून वाजवायचो. जूनमध्येसुद्धा. घामाच्या धारा. लोकांना वाटायचं काय स्टाइल आहे."

आश्लेषा हसली. चार दिवसांत पहिल्यांदा.

शाळांचे हॉल, बोलिंगच्या जागा, स्केटिंगची रिंगणं, एकदा तर जुन्या गाड्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाला. मग एक रेकॉर्ड कंपनीवाला आला. कंपनी म्हणजे तो आणि त्याचा मेहुणा. त्याने विचारलं, तू कोण? हे म्हणाले, इंडियन. फोटोच्या दिवशी तो माणूस पिसांचा मुकुट घेऊन हजर. "मी म्हटलं, अहो, तो इंडियन नाही, दुसरा. तो म्हणाला, मुला, रेकॉर्ड दुसऱ्याचीच खपते." नाव छापलं रॉबी डव्ह. एका बाजूला धडाडधूम गाणं, दुसऱ्या बाजूला हे संथ, बारा तारांवरचं. स्थानिक रेडिओवर पहाटे दोन-चारदा लागलं असेल. पुढच्या वर्षी मधल्या भावाला व्हिएतनामला जावं लागलं आणि तो परत आला नाही. गॅरेजचं दार बंद झालं ते पुन्हा कुणी उघडलं नाही. काकांनी डिग्री घेतली आणि कंपनीत लागले.

"कसल्या कामाला?"

"मफलर डिझाइन करायला. खरेखुरे. तीस वर्षं." आता काकाही हसले. हसल्यावर ते अगदी वेगळे दिसत होते.

हल्ली कुठून कुठून लोक त्यांना शोधत होते. बेल्जियममधल्या एका माणसाने ते गाणं इंटरनेटवर टाकलं होतं, रेकॉर्ड नव्याने काढायची म्हणत होता. त्याचा एकच हट्ट होता, त्या धृपदाचा अर्थ सांगा. काकांनी उत्तर दिलं नव्हतं.

"पण हे काकूंपासून का लपवायचं?" आश्लेषाने विचारलं. "यात लपवण्यासारखं काय आहे?"

काकांनी गिटार खोक्यात ठेवली, वर एक जुनी चादर घातली. "तिला ते दिवस आवडत नाहीत," म्हणाले, आणि दिवा बंद केला. हसरा माणूस पुन्हा कुठेतरी आत जाऊन बसला.

मुलीची काळजी मिटली म्हणून आश्लेषाने त्या दिवशी निर्धास्त व्हायला हवं होतं. झाली नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून, हीटर लावून, तिने कानात इअरफोन घातले आणि ते गाणं शोधून ऐकलं.

खरखर होती भरपूर. त्या खरखरीतून बारा तारा पाण्यासारख्या वाहत आल्या, आणि मग काकांचा आवाज, कोवळा, थोडा घाबरलेला, इंग्लिश उच्चार अजून न बसलेले. छतातल्या लोखंडी जाळीतून कुणीतरी बोलतं, तिचं नाव मला ठाऊक नाही, मी खाली बसून तारा लावतो, असं काहीसं कडवं. आणि मग धृपद. तिन्ही भाऊही साथीला होते, त्यांना शब्द कळत नव्हते हे लगेच कळत होतं. *अहो. अहो, ऐकलं का. बर्फ पडतोय.*

खाली लोकांची चर्चा रंगली होती. एकाचं म्हणणं, हा मूळ अमेरिकन जमातीचा प्रार्थनेचा शब्द आहे. दुसरा म्हणे, हे निव्वळ अर्थहीन आवाज आहेत, नशेत सुचलेले. तिसऱ्याने हे 'स्नो' शब्दाचं उलटं रूप आहे असं सिद्ध करून दाखवलं होतं. एवढ्या सगळ्या विद्वानांत ज्याला ते सरळ कळत होतं असं माणूस एकच, आणि ते गाडीत बसून डब्यातली पोळी-भाजी खात होतं.

पोळी तिच्या हातातच राहिली. कारण तिला शब्द कळले एवढंच नव्हतं. ते कुणाचे शब्द आहेत, हेही कळलं होतं.

पुरुष 'अहो' म्हणतो ते परक्याला, वडीलधाऱ्याला. पण 'अहो, ऐकलं का' ही हाक फक्त बायको मारते, नवऱ्याला. आश्लेषाची आजी मारायची, आई मारायची. आश्लेषा स्वतः परीक्षितला परीक्षित म्हणते. शैलजाकाकू तर काकांना सरळ 'रवी' म्हणतात, तेही एकेरीत, चार लोकांत, "रवी, तुझ्या गोळ्या घेतल्यास का?" मंडळातल्या जुन्या बायका अजून भुवया उंचावतात त्यावर. मग हे काकांच्या कानात आलं कुठून? रेकॉर्ड सहासष्ट सालची. काका-काकूंचं लग्न सत्तरमधलं, काकूंनीच सांगितलेलं. अहो म्हणणारी बाई काही आभाळातून पडत नाही. ती लग्नातूनच येते.

म्हणजे आधी कुणी होती.

"पहिली बायको," तिने परीक्षितला सांगितलं. "डेट्रॉइटमध्ये. त्यांनी सोडली असणार. काकूंना माहीत नाही."

"तू वेबसिरीज जरा कमी बघ यार."

"मग लपवतात का?"

"असेल काही. आपल्याला काय करायचंय? अनयाला काही झालं नाही ना? संपलं."

पण तिच्यासाठी संपलं नव्हतं. पन्नास-पंचावन्न वर्षं जो माणूस बायकोपासून एवढी मोठी गोष्ट लपवू शकतो, त्याच्या हाती आपण लेक देतो. आज गाणं आहे. उद्या काही घडलं तर हा माणूस आपल्याला सांगेल का? शुक्रवार उजाडला तरी डेकेअरच्या इमेलला उत्तर गेलं नव्हतं.

शुक्रवारी तिला घरून काम होतं. दुपारी अनयाला आणायला गेली ती जरा लवकरच. काका दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. काकू टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरून मेथी निवडत होत्या, टेबलाखाली अनया पालथी पडून चित्रं रंगवत होती. आश्लेषाने एक जुडी ओढून घेतली. थोडा वेळ दोघींनी इंडियन दुकानातल्या मेथीला नावं ठेवली. मग आश्लेषाने खडा टाकलाच.

"काकू, तुम्ही काकांना कधीच अहो म्हणाला नाहीत?"

"का गं? मंडळात विषय निघाला वाटतं पुन्हा?"

"नाही, सहज. तुमच्या पिढीत कुणी नावाने हाक मारत नसे ना."

"पहिली दहा वर्षं त्यावरून काय टोमणे ऐकलेत मी. एकीने तर माझ्या सासूला कळवलं होतं." काकू हसल्या. पानं खुडायचं थांबलं नाही. "तुला ठाऊक नसेल. मी आधी लग्न करून आले होते इकडे. एका डॉक्टरशी. मी एकोणीस वर्षांची. तो शब्द मी त्या घरात वापरून संपवला."

आश्लेषाच्या हातातली काडी तशीच राहिली.

"वाईट होता का तो माणूस?"

"मारायचा नाही. बोलायचा नाही. काही चुकलं की अबोला. आठवडा, पंधरवडा. हॉस्पिटलमधून यायचा, पुढच्या खोलीत जाऊन दार लावून पुस्तक घेऊन बसायचा. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो, युनिव्हर्सिटीजवळ, जुनं लाकडी घर. बाहेर बर्फ, मला भाषा येत नाही, फोन नाही. जमिनीत ती लोखंडी जाळी असायची बघ, खालच्या भट्टीतली गरम हवा वर यायला. मी शाल घेऊन त्या जाळीपाशी बसायची आणि हाका मारायची. अहो, ऐकलं का. अहो, बर्फ पडतोय. अहो, भाजी संपलीय. काय वाट्टेल ते. दार उघडावं म्हणून. नंतर नंतर तर त्याच्यासाठी नव्हेच, नुसता स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून. त्या घरात मला ऐकणारं कोणी नव्हतं."

हे शेवटचं वाक्य त्यांनी कितीदा तरी म्हटलेलं असणार. ते गुळगुळीत झालं होतं.

"खाली कुणी राहत नव्हतं?" आश्लेषाने विचारलं. तिला आपला आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"खाली पोरं होती कॉलेजातली. मी कधी तोंडं पाहिली नाहीत, त्यांचं दार मागच्या बाजूला. गोरीच असणार, तेव्हा दुसरं होतं कोण? सारखी गिटार. मी वरून पाय आपटायची."

"मग थांबायची?"

"थांबायची. मग हळू वाजवायची." काकू जराशा हसल्या. "दोन हिवाळे काढले. मग मला एका चर्चच्या बाईने सोडवलं तिथून, टायपिंग शिकवलं. रवी मला पुढे भेटला. दिवाळीचा कार्यक्रम होता एका हॉलमध्ये. मी कुणालातरी म्हणत होते, चहा गार झालाय. हा उठून समोर आला नि म्हणाला, तुमचा आवाज मी कुठेतरी ऐकलाय. मी म्हटलं, मी रेडिओवर नसते. मला वाटलं, चावट आहे. पण उभ्या जन्मात तेवढं एकच वाक्य तो असं बोलला. सोडलेल्या बाईशी लग्न करतो म्हणून त्याच्या वडिलांनी चार वर्षं नाव टाकलं होतं त्याचं."

"तुम्ही विचारलं नाहीत, कुठे ऐकला ते?"

काकूंनी मेथीची काडी मधोमध मोडली. ती निब्बर नव्हती. "विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. "तो खोटं बोलत नाही." मग कागदावरचे देठ हाताने एका बाजूला लोटत, वर न बघता, "पोळ्यांचा डबा कुणी चेपला, तेही मी विचारलेलं नाही."

आश्लेषाने झटकन त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. मेथी निवडणाऱ्या बाईचा चेहरा, बस. यांना माहीत आहे का? किती माहीत आहे? की मीच आपली सवयीने शंका घेतेय? टेबलाखाली खडूचा आवाजही थांबला होता.

दारात गाडी आली. काका आत आले, एक गाल सुजलेला, बोलता येत नव्हतं. काकू उठल्या. "आलास? बस. मऊ खिचडी टाकते," म्हणाल्या, आणि त्यांच्या गालाला हाताची उलटी बाजू लावून बघितली. काकांनी डोळे मिटून घेतले. आश्लेषाला तिथे थांबवेना.

घरी जाताना फूटपाथच्या कडेला बर्फाचा चिखल झाला होता. अनया मुद्दाम त्यातून चालत होती. आश्लेषाने तिला एरवी ओढली असती. आज ती नुसती चालत राहिली.

काकांनी कुठली पहिली बायको सोडलेली नव्हती. ती चोरी नव्हतीच. ज्याला ती आठवडाभर चोर समजत होती, त्याने एक आवाज कानात धरून ठेवला होता. कितीतरी लोकांतून ओळखला होता, आणि बापाशी भांडून घरात आणला होता. कुठली बाई नाही म्हणेल अशा माणसाला? हे कळल्यावर डेकेअरला कशाला हो म्हणायचं? तिने चालता चालता फोन काढला. धन्यवाद, आम्हाला जागेची गरज नाही, एवढं लिहिलं. पाठवायचं बटण तेवढं राहिलं.

पण दोन हिवाळे. बोट तिथेच अडकलं. दोन हिवाळे एक पोर वर बसून हाका मारत होती, आणि काकांना तिचा शब्द न् शब्द कळत होता. खालच्या मजल्यावर त्यांना एकट्यालाच कळत होता. जिना चढायला किती वेळ लागतो? बावीस-तेविसाचं पोरगं, परका देश, दुसऱ्याची बायको. तेव्हाची माणसं भीत असतील. ती स्वतः तरी गेली असती का? तिला म्हणता येईना की गेली असती. आणि गेली नसती असंही म्हणवेना.

अनया थांबली. बुटाने चिखलात एक गोल काढला, तो पुसला. टेबलाखाली ती नुसती रंगवतेय असं आश्लेषा आणि काकू दोघी धरून चालल्या होत्या.

"मम्मा, द गर्ल इन द साँग. दॅट्स आजी, राइट?"

आश्लेषाने फोन खिशात टाकला. "कुणी सांगितलं तुला?"

"नोबडी. आजी म्हणाली ना, जाळीतून. आजोबा पण म्हणतात, जाळीतून." तिने मान वर करून आईकडे पाहिलं. नाक थंडीने लाल झालं होतं, आणि प्रश्न विचारताना ती इंग्लिश बोलायचंच विसरली. "आजोबांना ऐकू येत होतं. मग त्यांनी ओ का नाही दिली?"